वॉटसन हॉटेलातली थप्पड

मार्क ट्वेन म्हटले की टॉम सॉयरच्या खोड्या आठवतात. झुपकेदार मिशांच्या या विनोदकाराला आपल्या देशाच्या इतिहासातले सर्वच काही हसण्यावारी नेता आले नाही. त्या इतिहासाची एक बोचरी आठवण तर त्याला चक्क मुंबईत गाठून गेली.

सॅम्युअल क्लेमेन्स हे त्याचे खरे नाव. जन्म ३० नोव्हेंबर १८३५ चा, गुलामगिरी कायदेशीर असलेल्या मिसुरी राज्यातला. १८४७ मध्ये वडील वारले आणि पोरगा छापखान्यात खिळे जुळवू लागला. पुढे तो मिसिसिपी नदीवर आगबोटी हाकू लागला. १८६१ मध्ये यादवी युद्धाने ती वाहतूक बंद पाडली. काही आठवडे दक्षिणेच्या बाजूने हौशी शिपाईगिरी करून त्याने पश्चिमेची वाट धरली. पुढे लेखणीने नाव दिले, पैसा दिला. तो एका खिळेजुळणी यंत्राच्या नादात बुडाला. १८९४ मध्ये दिवाळे निघाले. कर्ज फेडण्यासाठी साठीच्या उंबरठ्यावर तो व्याख्याने देत जगप्रवासाला निघाला.

जानेवारी १८९६ मध्ये तो मुंबईच्या वॉटसन हॉटेलात उतरला. खोलीतल्या कामात काही चुकले म्हणून एका धिप्पाड जर्मन माणसाने हिंदी नोकराच्या थोबाडीत दिली. नोकराने निमूट सोसले. ट्वेन मात्र क्षणात पन्नास वर्षे मागे, मिसुरीत पोहोचला. त्याचे वडील सभ्य, न्यायी. मुलावर क्वचितच हात उगारणारे. तेच घरातल्या गुलाम पोराला क्षुल्लक चुकीसाठी चोपत. दहा वर्षांचा असताना त्याने याहून भयंकर पाहिले होते. कामात गबाळेपणा केला म्हणून एकाने गुलामाच्या डोक्यात लोहखनिजाचा दगड घातला. तासाभरात तो मेला. गावाने हळहळ व्यक्त केली ती मालकाचे नुकसान झाले म्हणून! १८९७ च्या प्रवासवर्णनात ट्वेनने मुंबईची ही थप्पड आणि तो दगड शेजारी शेजारी ठेवले. त्या पानांवर हशा नाही.

मराठीत ही तुलना त्याआधीच झाली होती. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतल्या दास्यमुक्तीसाठी झटणाऱ्यांनाच अर्पण केला होता.

ट्वेनने कर्ज फेडले. २१ एप्रिल १९१० रोजी तो गेला. औरंगाबादेत तो कधी आला नाही. तेव्हा इथे आगगाडीही पोहोचली नव्हती. अमेरिकेच्या इतिहासाचे ते पान मात्र पुढे इथेच, नागसेनवनात उघडले गेले. अमेरिकेत शिकून आलेले मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य म. ना. वानखेडे १९६० च्या दशकात दलित तरुणांना निग्रो साहित्य वाचायला सांगत होते.