सॉमरव्हिलबाईंची प्रस्तावना

माझ्या भाचीचा शोधनिबंध यंदा छापून आला. घरी पेढे वाटले. पण त्यात आहे तरी काय, हे आम्हां बायकांना कोणी सांगेना. तेव्हा मला मेरी सॉमरव्हिल आठवल्या.

या बाई १७८० साली स्कॉटलंडात जन्मल्या. मुलगी रात्र-रात्र भूमिती वाचते म्हणून घरच्यांनी तिच्या मेणबत्त्या काढून घेतल्या. मग ती अंधारात पडल्या पडल्या मनातच प्रमेये सोडवी!

पुढे १८२७ साली ब्रूम नावाच्या कायदेपंडितांनी, लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाचा ग्रहगतींवरील अवघड ग्रंथ बाईंनी इंग्रजीत सुबोध करावा, अशी विनंती केली. पत्र मात्र यजमानांच्या नावे. बाईंनी अट घातली, काम गुप्त ठेवावे आणि न साधल्यास हस्तलिखित जाळावे. संसार सांभाळून लिहावयाचे, दाराची घंटा वाजली की कागद लपवावयाचे. हे कोणत्या भगिनीस नवीन आहे?

ग्रंथ १८३१ साली निघाला. गणितज्ञांनी तो वाखाणला. पण मला मोल वाटते ते त्याच्या प्रस्तावनेचे. ग्रह एकमेकांना कसे ओढतात, समुद्राला भरती का येते, हे तीत किचकट गणित बाजूस ठेवून सांगितले आहे. ती १८३२ साली वेगळीही छापली गेली. बाई १८७२ साली नेपल्सला वारल्या. अखेरपर्यंत त्यांचे गणित चालूच होते.

हे मी भाचीला सांगितले. ती दोन पाने लिहून घेऊन आली. मी वाचली, दोन ठिकाणी अडले. तेवढा भाग तिने पुन्हा लिहावयास नेला आहे.