एका तारेचा मुलगा : जिमी हेंड्रिक्स



गणेशोत्सवाच्या तालमी सुरू झाल्या की दुबई मरीनातल्या आमच्या घरी दरवर्षी एखादी नवी मागणी येतेच. कधी ढोलकीला शाई, कधी झांजा, कधी झब्बा. यंदा मात्र आमच्या पंधरा वर्षांच्या चिरंजीवांनी ऑक्टेव्ह पेडल मागितले. पेडल म्हटल्यावर आमच्या डोळ्यांसमोर आधी सायकल आली आणि मग आजोळची पायपेटी! चौकशी केल्यावर कळले की ही गिटारच्या वायरीत मध्ये जोडायची, पायाने दाबायची एक लोखंडी डबी असते. गिटारवर एक स्वर वाजवला की ती वरच्या किंवा खालच्या सप्तकातला तोच स्वर त्याच्या जोडीला देते.

डबीचे एक वेळ ठीक. पण त्याच आठवड्यात त्याच्या खोलीत भिंतीवर एका केस पिंजारलेल्या माणसाचे भले मोठे चित्र लागले. हे जिमी हेंड्रिक्स, असे आम्हाला सांगण्यात आले. या माणसाने भर कार्यक्रमात स्वतःची गिटार जाळली आणि सत्ताविसाव्या वर्षी झोपेच्या गोळ्यांनी त्याचा मृत्यू झाला, एवढेच आम्ही ऐकून होतो. असा माणूस मुलाच्या भिंतीवर असावा का, यावरून घरात दोन दिवस धुसफूस झाली. शेवटी आम्ही दोघांनी ठरवले की नाही म्हणायच्या आधी निदान माहिती तरी करून घ्यावी. जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवत आहोत.

जिमीचा जन्म २७ नोव्हेंबर १९४२ चा, अमेरिकेतल्या सिॲटल शहरातला. वडील अल तेव्हा सैन्यात होते. आई ल्युसिल जेमतेम सतरा वर्षांची. तिला बाळ एकटीने सांभाळणे जमेना. पोर या घरातून त्या घरात फिरत राहिले. सैन्यातून सुटल्यावर वडिलांनी तीन वर्षांच्या मुलाला कॅलिफोर्नियातल्या एका कुटुंबाकडून परत आणले. बापलेकांची ही पहिलीच भेट. वडिलांनी त्याचे जॉनी ॲलन हे नाव बदलून जेम्स मार्शल ठेवले. पुढे आईवडील विभक्त झाले आणि १९५८ साली आई वारली. वडील बागकामाची मजुरी करीत. पैशांची चणचण पाचवीला पुजलेली.

लहानपणी हा मुलगा केरसुणी हातात धरून गिटार वाजवल्याचे सोंग करायचा. एकदा वडिलांबरोबर एका घरचा कचरा हलवताना त्याला जुने युकुलेले सापडले. त्याला तार एकच शिल्लक होती. त्या एका तारेवर तो रेडिओवरची गाणी कानाने बसवू लागला. हे वाचून आम्हाला आपल्याकडची एकतारी आठवली. पंधराव्या वर्षी त्याला पाच डॉलरला एक जुनी साधी गिटार मिळाली आणि १९५९ साली वडिलांनी पहिली इलेक्ट्रिक गिटार घेऊन दिली. ती एका कार्यक्रमाच्या जागी मागे राहिली आणि चोरीला गेली. वडिलांनी पुन्हा दुसरी घेतली. मजुरी करणाऱ्या बापाने एकाच मुलासाठी दोनदा गिटार घेतली, हे वाचताना आम्ही दोघे जरा गप्पच झालो. आम्ही एका डबीसाठी किती घासाघीस करत होतो!

हा मुलगा डावखुरा. त्याने उजव्या हाताची गिटार उलटी धरली आणि तारा पुन्हा उलट क्रमाने लावून घेतल्या. पुढे जगभर नाव झाल्यावरही तो बहुतेक वेळा अशीच उलटी गिटार वाजवत असे. त्याला नोटेशन वाचता येत नव्हते. सगळी विद्या कानाची.

१९६१ साली तो सैन्यात, छत्रीधारी तुकडीत दाखल झाला. तिथे बिली कॉक्स नावाचा बेस वाजवणारा मित्र भेटला, तो शेवटपर्यंत टिकला. कवायतीत मन नसलेल्या या शिपायाची १९६२ साली सैन्यातून सुटका झाली. पुढची चार वर्षे तो गावोगावच्या कृष्णवर्णीय लोकांच्या क्लबांतून दुसऱ्यांच्या मागे उभा राहून वाजवत होता. आयस्ले ब्रदर्स, लिटल रिचर्ड अशा मोठ्या नावांची साथ त्याने केली. पगार तुटपुंजा, कधी तर नाहीच. पण रियाज इतका की झोपतानाही गिटार उशाशी असे म्हणतात. आमच्या चिरंजीवांना हा परिच्छेद आम्ही मुद्दाम दोनदा वाचून दाखवला!

१९६६ साली न्यूयॉर्कच्या एका क्लबात चास चँडलर या इंग्रज वादकाने त्याला ऐकले आणि २४ सप्टेंबर १९६६ रोजी तो त्याला लंडनला घेऊन गेला. बेसवर नोएल रेडिंग आणि ड्रम्सवर मिच मिचेल यांना घेऊन त्रिकूट तयार झाले. काही महिन्यांत लंडनचे भलेभले गिटारवादक त्याला ऐकायला पहिल्या रांगेत येऊन बसू लागले.

आता आमच्या डबीची गोष्ट. लंडनमध्ये रॉजर मेयर नावाचा तरुण ब्रिटिश आरमाराच्या संशोधन विभागात ध्वनी आणि कंपने यांवर काम करीत असे. फावल्या वेळात तो गिटारवादक मित्रांसाठी अशा डब्या बनवायचा. १९६७ च्या सुरुवातीला एका क्लबात त्याने जिमीला गाठले आणि आपली नवी डबी दाखवली. तीच ऑक्टेव्हिया. ३ फेब्रुवारी १९६७ रोजी ऑलिंपिक स्टुडिओत 'पर्पल हेझ'चे काम सुरू होते, तेव्हा मधल्या एकल वादनात ती वापरली गेली. त्यात गिटारच्या स्वरावर एक चिरका, शिट्टीसारखा वरचा स्वर तरंगतो तो तिचाच.

पेटी वाजवणाऱ्यांना हे लगेच कळेल. कपलरच्या पेटीत एक पट्टी दाबली की दुसऱ्या सप्तकातली पट्टी आपोआप खाली जाते. तिथे काड्यांची जोडणी असते, इथे विजेची करामत. तारेचे कंपन वर-खाली जाणाऱ्या लाटेसारखे येते. ऑक्टेव्हियात खाली जाणारी अर्धी लाट उलटून वर केली जाते. मग तेवढ्याच वेळात दुप्पट लाटा होतात, आणि दुप्पट कंपने म्हणजेच वरचे सप्तक. मध्य सप्तकातल्या सा चा तार सा होतो, एवढेच. मात्र डबीने आवाज आपोआप चांगला होत नाही. कॉर्ड छेडला तर नुसता गोंगाट होतो. एकच स्वर, बाराव्या फ्रेटच्या आसपास किंवा वर, मानेजवळच्या पिकअपवर आणि टोन थोडा कमी करून वाजवला तरच तो वरचा सा स्वच्छ निघतो. जिमीने ही डबी कुठे दाबायची आणि कुठे सोडायची ते कानाने शोधले. मेयरही त्याच्या सांगण्यावरून ती पुन्हा पुन्हा सुधारत राहिला.

लंडनमध्ये नाव झाल्यावर १८ जून १९६७ रोजी जिमी अमेरिकेत परतला तो माँटेरेच्या महोत्सवात. त्याच दिवशी दुपारी, त्याच मंचावर पंडित रविशंकरांची सतार आणि उस्ताद अल्लारखाँचा तबला झाला होता. संध्याकाळी जिमीने अप्रतिम वाजवले आणि शेवटी गिटार मंचावर ठेवून, तिच्यावर लायटरमधले इंधन शिंपडून पेटवून दिली. त्याचे वादन आवडूनही या प्रकाराने रविशंकर फार दुखावले होते. वाद्य पूजनीय, ते जाळायचे कसे?

आम्हीही इथेच अडलो. दसऱ्याला पेटी-तबल्याला हळदकुंकू वाहणारी आपण माणसे. पाय चुकून लागला तर नमस्कार करतो. मग हे मुलाला कसे समजावायचे? आम्ही त्याला सरळ सांगितले की हे आम्हाला पटत नाही. पण एवढेही सांगितले की पोटाला चिमटा काढून ज्याने एका तारेवर सुरुवात केली, त्याला गिटारची किंमत कळत नव्हती असे म्हणणे बरोबर नाही. आवडत्या माणसाचे सगळेच आवडायला हवे असे थोडेच आहे?

पुढची तीन वर्षे विजेसारखी गेली. त्रिकुटाच्या तीन स्टुडिओ तबकड्या १९६७ आणि १९६८ या दोनच वर्षांत आल्या. १८ ऑगस्ट १९६९ रोजी, सोमवारी सकाळी, वुडस्टॉकच्या चिखलात उरलेल्या श्रोत्यांपुढे त्याने अमेरिकेचे राष्ट्रगीत एकट्या गिटारवर वाजवले. व्हिएतनामचे युद्ध चालू होते. त्या गिटारमधून बाँबचे आणि विमानांचे आवाज निघाले. गंमत म्हणजे याही महोत्सवात तीन दिवस आधी रविशंकर वाजवून गेले होते. १९७० च्या पहिल्या दिवशी न्यूयॉर्कला जुन्या बिली कॉक्सला सोबत घेऊन त्याने 'मशीनगन' वाजवले, त्यातही ऑक्टेव्हिया आहे. ज्या डबीचा 'पर्पल हेझ'मध्ये नुसता चमत्कार वाटतो, तीच इथे आक्रोश करते. डबी तीच, पण तीन वर्षांत माणूस किती पुढे गेला होता!

न्यूयॉर्कमध्ये त्याने स्वतःचा इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओ बांधला. २६ ऑगस्ट १९७० रोजी त्याचे उद्घाटन झाले. त्यानंतर महिनाही झाला नाही आणि १८ सप्टेंबरला लंडनमध्ये तो गेला. न झेपणारे दौरे, करारांची भांडणे, अपुरी झोप, नशेचे पदार्थ, आणि शेवटी झोपेच्या गोळ्यांचा अतिरेक. यात रम्य असे काही नाही, हेही आम्ही मुलापाशी स्पष्ट बोललो. ज्या बापाने दोनदा गिटार घेऊन दिली, त्याच्यावरच सिॲटलजवळच्या रेंटन गावी मुलाला मूठमाती देण्याची वेळ आली. आई-बाप म्हणून हे वाचवत नाही.

असो. आता ज्यांच्या घरी अशीच मागणी आली असेल त्यांच्यासाठी आम्ही गोळा केलेली थोडी माहिती. या डब्या ढोबळमानाने तीन प्रकारच्या.

१. ऑक्टेव्हियाच्या घराण्यातल्या : वरचे सप्तक आणि सोबत फझचा खरखरीत आवाज. डनलॉपची ऑक्टेव्हिओ या जातीची. एकल वादनाला झकास, भावगीताच्या साथीला अजिबात नको.

२. खालचे सप्तक देणाऱ्या ॲनालॉग डब्या : बॉसची १९८२ ची ओसी-२ प्रसिद्ध, आता तिच्या जागी २०२० पासून ओसी-५ आहे आणि तिच्यात जुन्या आवाजाचीही सोय ठेवली आहे. जुन्या पद्धतीत एका वेळी एकच स्वर वाजवावा लागतो, नाहीतर आवाज अडखळतो. गिटारच्या जाड तारेचा स्वर सुमारे ८२ हर्ट्झचा, त्याच्या खालचा ४१. म्हणजे बेस वाजवणारा नसेल तर एकाच गिटारवर त्याची थोडी उणीव भरून निघते. आपल्या कार्यक्रमात हाच प्रश्न दरवर्षी असतो!

३. डिजिटल : इलेक्ट्रो-हार्मोनिक्सची २००५ ची पॉग आणि तिची लहान भावंडे. यात पूर्ण कॉर्ड छेडला तरी प्रत्येक स्वराचे सप्तक मिळते, जवळपास ऑर्गनसारखे. किंमत सहसा जास्त. भजन-अभंगाच्या साथीला हीच बरी वाटते.

विकत घेताना आपली स्वतःची गिटार दुकानात न्यावी, जाड तारेवर आणि बाराव्या फ्रेटवर दोन्हीकडे वाजवून पाहावे, आणि दोन डब्या एकाच ॲम्प्लिफायरवर लागोपाठ ऐकाव्यात. अडॅप्टर नीट पाहावा. बहुतेक डब्यांना ९ व्होल्टचा, मधला टोक ऋण असलेला लागतो, पण काही जुन्या फझ डब्यांचे उलटे असते. अमेरिकेहून पाहुण्यांनी आणलेला ११० व्होल्टचा अडॅप्टर आम्ही इथल्या २२० च्या प्लगमध्ये घातला आणि घरभर जळका वास सुटला. चूक सर्वस्वी आमची! शिवाय टॉवरमध्ये राहणाऱ्यांनी हेडफोनची सोय आधी करावी. खालचे सप्तक भिंतींतून शेजाऱ्यांपर्यंत फार लवकर पोचते.

आम्ही शेवटी काय केले? आधी तीन महिने साध्या गिटारवर दोन गाणी नीट बसव, मग डबी, असा तह झाला. पठ्ठ्याने दोनच महिन्यांत बसवली. दुसऱ्या प्रकारची, वापरलेली डबी घेतली. भिंतीवरचे चित्र तसेच आहे. दसऱ्याला पेटीशेजारी त्या डबीलाही हळदकुंकू वाहायचे असे त्यानेच ठरवले आहे.

सुट्टीत लंडनला जाणाऱ्यांनी ब्रूक स्ट्रीटवरचे घर जरूर पाहावे. १९६८-६९ मध्ये जिमी तिथे राहत असे आणि शेजारच्याच घरात त्याच्या सुमारे दोनशे वर्षे आधी संगीतकार हँडेल राहत होता. आता दोन्ही मिळून एकच संग्रहालय आहे.

कुणाकडे अशी डबी कपाटात पडून असेल तर पुढच्या तालमीला जरूर घेऊन या. सगळ्या एकदा शेजारी शेजारी ठेवून ऐकू. मुलांनाही बोलवा, आणि त्यांना ती एका तारेची गोष्ट आधी सांगा.