मिकोला लिओंतोविच : एका मास्तरचे गाणे

नाताळ जवळ आला की इंग्रजी चित्रपटांतून एक गाणे हमखास कानी पडते. चार स्वरांचा छोटासा तुकडा, घंटेच्या नादासारखा पुन्हा पुन्हा येणारा. ऐकणाऱ्याला ते अमेरिकेचे वाटते. मूळ गाण्यात मात्र ना नाताळ आहे, ना घंटा. ते युक्रेनच्या खेड्यातले नववर्षाचे गाणे आहे, आणि त्याला आजचे रूप देणारा मिकोला लिओंतोविच हा एक शाळामास्तर होता.

लिओंतोविचचा जन्म १३ डिसेंबर १८७७ रोजी पोडोलिया प्रांतातील मोनास्तिरोक या खेड्यात झाला. वडील गावचे धर्मगुरू होते. मुलानेही तीच वाट धरावी म्हणून त्याला कामेनेत्स-पोदिल्स्कीच्या धर्मविद्यालयात घातले. शिक्षण पुरे झाले. पण त्याने धर्मगुरूचा झगा न चढवता खेड्यातल्या शाळेत शिक्षकाची नोकरी पत्करली. पुढे दोन्बास भागातील ग्रिशिने स्थानकाजवळच्या रेल्वेशाळेत असताना त्याने कामगारांचे गायकवृंद उभे केले. १९०८ पासून तो तुल्चिन येथे मुलींना संगीत शिकवू लागला. जाईल तिथली लोकगीते तो टिपून घेई.

त्या मुलखात जुन्या पंचांगाप्रमाणे १३ जानेवारीला नववर्षाची पूर्वसंध्या येई. तिला ‘उदार संध्याकाळ’ म्हणत. त्या संध्याकाळी मुलींचे घोळके बर्फ तुडवीत घरोघर जात, दारापुढे उभ्या राहून घरधन्याची भरभराट चिंतीत आणि खाऊ किंवा चार नाणी घेऊन पुढच्या दारी जात. मुलगे शेळीचे, अस्वलाचे सोंग घेत. एखादा लुगड्याऐवजी तिकडचा बायकी पोशाख चढवून ‘मलांका’ होई. दुसऱ्या दिवशी सकाळी हीच पोरे घराघरांत धान्याचे दाणे उधळून पेरणीचा शकुन करीत. २०२३ मध्ये पंचांग बदलल्यापासून आता बऱ्याच ठिकाणी हा सण ३१ डिसेंबरला येतो.

लिओंतोविचने उचललेले ‘श्चेद्रिक’ हे गाणे अशाच संध्याकाळचे. त्यात एक पाकोळी येऊन धन्याला बाहेर बोलावते आणि मेंढ्या व्याल्याची वार्ता देते. ऐन बर्फात पाकोळी कशी? तर फार पूर्वी तिथले वर्ष वसंतात सुरू होई, त्याची ही खूण, असे सांगतात. लिओंतोविचने तो चार स्वरांचा तुकडा तसाच ठेवला आणि त्याच्या भोवती बाकीचे आवाज एकेक करून गुंफले. स्वतःच्या कामावर त्याचे कधी समाधान होत नसे. हे गाणे त्याने वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा लिहिले. अखेर डिसेंबर १९१६ मध्ये कीव्ह विद्यापीठाच्या गायकवृंदाने ते ओलेक्सांद्र कोशेत्स यांच्या नेतृत्वाखाली प्रथम गायिले. पहिले गाणारे आपल्यासारखे विद्यार्थीच होते!

मी आमच्या घरातून कॉलेजात आलेली पहिली मुलगी. माझ्या आजीला अक्षरओळख नाही, पण जात्यावरच्या ओव्या तिला रात्रभर पुरतील इतक्या येतात. शिकलेल्या माणसाने घरच्या गाण्याचे काय करायचे, हा प्रश्न म्हणूनच मला परका वाटत नाही. लिओंतोविचने आपली सगळी विद्या त्या दारोदारच्या गाण्यामागे उभी केली. मीही एक वही घातली आहे.

१९१९ मध्ये स्वतंत्र युक्रेनने आपली ओळख जगाला पटावी म्हणून कोशेत्स यांचा गायकवृंद युरोपात धाडला. सैनिकांची पलटण नव्हे, गाणाऱ्यांची! त्याच वर्षी देनिकिनच्या फौजा कीव्हमध्ये शिरल्या आणि लिओंतोविचला जीव वाचवून पायी तुल्चिनला परतावे लागले.

२३ जानेवारी १९२१. उदार संध्याकाळ होऊन दहाच दिवस झाले होते. मार्किव्का गावी आईवडिलांच्या घरी तो उतरला होता. मुक्कामाला जागा मागत आलेल्या एका अनोळखी माणसाला घराने आसरा दिला. तो चेका या सोव्हिएत गुप्त पोलिसांचा हस्तक होता. पहाटे त्याने लिओंतोविचला गोळी घातली. वय अवघे ४३. मारेकऱ्याचे नाव जगापुढे यायला १९९० चे दशक उजाडले.

५ ऑक्टोबर १९२२ रोजी ‘श्चेद्रिक’ न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये गायिले गेले. १९३६ मध्ये पीटर विल्हाउस्की यांनी त्यावर घंटांचे इंग्रजी शब्द बसविले आणि ते घरोघर पोचले. पाकोळी मात्र मागे राहिली, आणि मास्तरही.