कै. ताराबाई मोडक : मुलांच्या अंगणात गेलेली शाळा

शाळेत मुलांवर माया करावी, हे सर्वांनाच मान्य असते. पण ती माया वेळापत्रकात कोठे बसवावयाची, असे विचारले तर पुष्कळांची पंचाईत होते. या प्रश्नाचे उत्तर कै. ताराबाई मोडक यांनी आपल्या आयुष्याने दिले. त्यांच्या चरित्राची ओळख मंडळाच्या भगिनींना व्हावी, म्हणून हा अल्पसा प्रयत्न.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईस, प्रार्थनासमाजाचे कार्यकर्ते सदाशिवराव केळकर यांच्या घरी झाला. १९१४ साली त्या बी. ए. झाल्या. पुढे अमरावतीचे वकील श्री. मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला, पण तो संसार टिकला नाही. पदरी लहान मुलगी. त्या काळी अशा स्त्रीकडे लोक कोणत्या नजरेने पाहत, हे सांगावयास नको. परंतु खचून न जाता त्यांनी राजकोटच्या स्त्री-अध्यापिका विद्यालयाचे प्रमुखपद स्वीकारले.

१९२३ च्या सुमारास त्या भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आल्या. तेथे वकिली सोडून आलेले गिजुभाई बधेका बालमंदिर चालवीत होते. मुलांवरील वात्सल्यामुळे लोक त्यांना ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशीवाली आई, म्हणत. छडी नाही, बक्षिसाचे आमिष नाही. गोष्टी, गाणी, खेळ व हाताचे काम हाच तेथील अभ्यास. १९२६ साली या दोघांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, आणि १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केला.

शहरातील बालमंदिरे नावारूपास आली, तरी ताराबाईंच्या मनाला एक रुखरुख होती. हे सारे सुख खाऊनपिऊन सुखी घरच्या मुलांनाच का? म्हणून वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, १९४५ साली, त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावी ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. तेथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या.

बालवाडी उघडली, पण गरिबांची व हरिजन वस्तीतील मुले काही येईनात. दुसरा कोणी असता तर आईबापांना दोष देऊन मोकळा झाला असता. ताराबाईंनी शाळाच उचलून त्या मुलांच्या अंगणात नेली. आधी तोंड धुणे, केस विंचरणे, नखे काढणे. मग गाणी, गोष्टी आणि मोजणी. माँटेसरी पद्धतीची साधने महाग, तेव्हा शंखशिंपले, बिया, खडे आणि पाने हीच साधने झाली. मुलाचे अंग स्वच्छ करणे हा अभ्यासाचाच पहिला धडा ठरला. हीच अंगणवाडी.

पुढे १९५७ च्या सुमारास हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील आदिवासी मुली शाळेत येत नसत, कारण कडेवर धाकटे भावंड असे. म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. भावंड पाळण्यात आणि ताई वर्गात! गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. गुरे चरत राहिली, शिकणेही चालले.

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण दिले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे देहावसान झाले. दोनच वर्षांनी, १९७५ साली, सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला.

भगिनींनो, मूल शाळेत का येत नाही, याचे कारण ताराबाई मुलाच्या अंगात न शोधता शाळेच्या व्यवस्थेत शोधीत, आणि मग ती व्यवस्था बदलीत. त्यांच्या लेखी माया ती हीच. आपल्या शेजारचे एखादे मूल आज घरी बसून असेल, तर त्याच्या कडेवर कोण आहे, एवढे तरी आपण जाऊन पाहू या.