थेंबाचं मोल ओळखणारी मार्गरीट

मैत्रिणींनो, परवा महिला मंडळाच्या हळदीकुंकवात एकीनं पर्समधून इवलीशी बाटली काढली. लॅव्हेंडरचं तेल! सगळ्या जणींनी वास घेतला, माना डोलावल्या. पण किंमत ऐकली आणि बाटली झटकन तिच्या हातात परत गेली. हे आपल्यासारखीचं काम नाही, असाच सूर निघाला. मला मात्र मार्गरीट मोरी आठवली. सुगंधी तेलांचा उपचार, ज्याला आज अरोमाथेरपी म्हणतात, तो मालिशच्या रूपानं स्त्रियांपर्यंत आणणारी ही बाई. तिचं आयुष्य कळलं ना, की या तेलांची खरी किंमत बाटलीत नसून थेंबात आहे, हे पटतं.

मार्गरीट १८९५ मध्ये ऑस्ट्रियात जन्मली आणि व्हिएन्ना शहरात वाढली. लहान वयातच लग्न झालं, मुलगा झाला. संसार आत्ता कुठे रांगायला लागला होता, तोच एकामागून एक घाव बसले. अवघ्या दोन वर्षांचा मुलगा मेंदूज्वरानं गेला. पहिल्या महायुद्धात नवरा मारला गेला. पैशाच्या ओढाताणीत खचलेले वडीलही गेले. ऐन तारुण्यात तिच्या वाट्याला रिकामं घर आलं.

दुसरी एखादी कोपऱ्यात बसून राहिली असती. मार्गरीट नर्सिंग शिकली. ऑपरेशनच्या वेळी सर्जनच्या हाताशी उभं राहून मदत करण्याचं शिक्षणही तिनं घेतलं आणि फ्रान्समधल्या अल्सास भागात ती एका सर्जनकडे काम करू लागली. स्वतःचं दुःख दुसऱ्याच्या जखमेवर पट्टी बांधताना थोडं हलकं होतं, हे समाजकार्य करणाऱ्या आपल्यापैकी कितीतरी जणींना सांगायला नको.

तिथेच एक जुनं पुस्तक तिच्या हाती आलं. १८३८ सालचं, सुगंधी द्रव्यांच्या गुणांविषयीचं. ते पुढे तिनं जन्मभर जवळ केलं. त्याच काळात फ्रान्समध्ये रेने-मोरिस गातफोसे नावाचे रसायनतज्ज्ञ या तेलांवर काम करत होते. १९१० मध्ये प्रयोगशाळेतल्या स्फोटात त्यांचे हात भाजले, जखमा चिघळल्या, तेव्हा लॅव्हेंडरच्या तेलाचा त्यांना गुण आला. पुढे १९३७ मध्ये त्यांनी जे पुस्तक लिहिलं, त्याचं नावच अरोमाथेरपी. हा शब्द त्यांचाच.

मार्गरीटचं दुसरं लग्न झालं ते डॉक्टर मोरी यांच्याशी. ते होमिओपॅथी करणारे. दोघांच्या आवडी जुळल्या आणि घर म्हणजे जणू अभ्यासिकाच झाली. फ्रान्समधले काही डॉक्टर ही तेलं पोटातून देत. मार्गरीट स्वतः डॉक्टर नव्हती. तिनं त्वचेची वाट धरली. सुगंधी तेलाचे मोजके थेंब साध्या वनस्पती तेलात मिसळायचे आणि पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी हलक्या हातानं मालिश करायची, ही तिची पद्धत. शिवाय प्रत्येकीसाठी मिश्रण वेगळं. समोरची बाई थकलेली आहे की चिडचिडी, तिला झोप येते का, हे विचारून ती तेल निवडायची. नुसता आजार पाहायचा नाही, माणूस पाहायचा!

पॅरिसमध्ये तिनं केंद्र सुरू केलं, पुढे स्वित्झर्लंड आणि इंग्लंडमध्येही. आपल्या हाताखाली तिनं शिष्या तयार केल्या. १९६१ मध्ये तिचं पुस्तक फ्रेंचमध्ये आलं आणि १९६४ मध्ये इंग्रजीत. १९६२ आणि १९६७ मध्ये सौंदर्यशास्त्राच्या क्षेत्रातले आंतरराष्ट्रीय पुरस्कारही मिळाले. या तेलांनी तारुण्य टिकतं असं तिला वाटायचं. आज तेवढं मोठं बोलता येत नाही. मन शांत होणं, झोपेला मदत, थकवा हलका होणं, इतपत उपयोग बऱ्याच जणींना जाणवतो. पण या तेलांनी रोग बरा होतो असं समजून औषध बंद करू नये.

तिच्या कामातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते तेल पातळ करणं. हा धडा मी स्वतः चटका बसून शिकले, बरं का! एकदा सर्दीनं बेजार झाले आणि निलगिरीचं तेल तसंच्या तसं छातीला चोळलं. अर्ध्या तासात आग आग, कातडी लालबुंद. दोन दिवस पदर लागला तरी झोंबायचं. तेल शुद्ध, मग अपाय कसला, असं मला वाटलं होतं. अहो, शुद्ध म्हणूनच तर ते तीव्र! गुलाबाच्या एक किलो तेलासाठी तीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात. म्हणून ते महाग, आणि म्हणूनच थेंबभर पुरतं.

आता आपल्या खिशाचं बोलू. गुलाब, चंदन बाजूला ठेवा. निलगिरी, गवती चहा, सिट्रोनेला ही तेलं त्या मानानं स्वस्त असतात आणि छोटी बाटली कितीतरी महिने जाते. मालिशसाठी एक चहाचा चमचा खोबरेल किंवा तिळाचं तेल घ्या, त्यात दोनच थेंब टाका. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहा. खाज, लाली आली नाही तरच पुढे वापरा. सर्दीत वाफ घेताना पातेल्यात निलगिरीचे दोन थेंब पुरतात, आणि डोळे घट्ट मिटून घ्यायचे. फरशी पुसायच्या पाण्यात गवती चहाच्या तेलाचे चार-पाच थेंब टाकले तर घर कसं प्रसन्न वाटतं. सिट्रोनेलानं डास थोडा वेळ दूर राहतात. पण मच्छरदाणी सोडू नका.

घेताना बाटली गडद काचेची आणि लेबलवर वनस्पतीचं नाव असलेली बघा. नुसतं सुगंध किंवा परफ्यूम लिहिलेलं असेल तर ते हे तेल नव्हे. निलगिरीसारख्या पातळ तेलाचा थेंब कागदावर टाका. काही तासांनी तेलकट डाग तसाच राहिला, तर त्यात साधं तेल मिसळलेलं असू शकतं.

आणि लेकुरवाळ्यांनो, हे मात्र नीट ऐका. दोन वर्षांखालच्या बाळाच्या नाकाला, छातीला निलगिरी, कापूर किंवा पुदिन्याचं तेल लावू नका. त्याचा श्वास अडखळू शकतो. निलगिरी किंवा कापराचं तेल मुलाच्या पोटात गेलं तर फिट येऊ शकते. चुकून प्यायलंच तर उलटी करवत बसू नका, बाटली हातात घेऊन थेट दवाखाना गाठा. गरोदरपणी, दमा किंवा फिटचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही तेलं वापरू नयेत. बाटल्या औषधांसारख्याच उंच फळीवर ठेवायच्या.

मार्गरीट १९६८ मध्ये गेली. शेवटपर्यंत कामात होती. ज्या बाईच्या मांडीवरून नियतीनं मूल हिरावलं, तिनं त्याच हातांनी किती अनोळखी बायकांच्या पाठीवरचा शीण उतरवला असेल! महागडी बाटली तिला मोठी करून गेली नाही. समोरच्या माणसाकडे नीट बघण्याची सवय मोठी करून गेली.

तेव्हा मैत्रिणींनो, आज रात्री घरातल्या सासूबाईंचे, नाहीतर आईचे पाय दुखत असतील, तर चमचाभर कोमट खोबरेल घ्या. जवळ असेल तर गवती चहाच्या तेलाचे दोन थेंब टाका, नसेल तरी चालेल. आणि मालिश करता करता एवढं विचारा, आज दिवस कसा गेला? उद्या तुमचेही पाय कुणीतरी हातात घेईल.