आजीचा पंखा आणि वॉल्टर शॉटकी

मित्रांनो, 'लाईन गेली' हे दोन शब्द आमच्या हिवरखेडातलं (जि. अकोला) लेकरू बोलायला लागलं की लगेच शिकतं! माझ्या आजीला दमा आहे. म्हणून मागच्या उन्हाळ्यात मी तिचा १२ व्होल्टचा पंखा दोन बॅटऱ्यांवर घेतला. एक ट्रॅक्टरची जुनी, एक नवी. दोन्ही सरळ समांतर जोडल्या अन् निवांत झोपलो. रात्री दोनला पंखा बंद! जुनीनं नवीचाही चार्ज ओढून घेतला होता. आजी पहाटेपर्यंत भिंतीला टेकून धापा टाकत होती. इंजिनिअरिंगचा पोट्टा म्हणून मला फार लाज वाटली.

मग प्रत्येक बॅटरीपुढं एकेक डायोड टाकला. आता एकीचा करंट दुसरीत जाईना. पण साध्या सिलिकॉन डायोडवर ०.८ व्होल्ट पडत होते. पंखा-दिवा मिळून ३ अँपिअर, म्हणजे २.४ वॅट नुसते डायोड तापवण्यात! दुकानदारानं शॉटकी डायोड दिला. ड्रॉप ०.४ व्होल्ट, नुकसान निम्मं. हे शॉटकी कोण, म्हणून वाचायला बसलो.

वॉल्टर शॉटकी यांचा जन्म २३ जुलै १८८६ चा, झुरिचचा. वडील गणिताचे प्राध्यापक. १९१२ साली बर्लिनला मॅक्स प्लांक यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली. पहिल्या महायुद्धाच्या काळात व्हॅक्यूम ट्यूबमध्ये जादा ग्रिड बसवण्याची कल्पना मांडली. १९१८ मध्ये त्यांनी दाखवलं, की करंट म्हणजे सलग धार नव्हे. टिनावर थेंब पडावेत तसे इलेक्ट्रॉन सुटे सुटे येतात, म्हणून खरखर होते. हाच 'शॉट नॉईज'. १९२४ मध्ये गेर्लाख यांच्यासोबत रिबन मायक्रोफोन केला. वुर्झबर्ग व रोस्टॉकला शिकवलं, पण १९२७ मध्ये प्राध्यापकी सोडून ते सीमेन्समध्ये संशोधनाला गेले.

तिथं एक जुनं कोडं होतं. धातू आणि अर्धवाहक टेकले की करंट एकाच दिशेनं सहज जातो, हे ब्राऊन यांनी १८७४ मध्येच पाहिलं होतं. पण का? १९३८ मध्ये शॉटकींनी उत्तर दिलं: सांध्याजवळ अर्धवाहकातला एक पातळ थर इलेक्ट्रॉनांविना रिकामा होतो आणि तिथं एक बांध तयार होतो. त्याच सुमारास इंग्लंडात मॉट यांनीही यावर काम केलं. हा बांध साध्या सिलिकॉन जंक्शनपेक्षा ठेंगणा, म्हणून व्होल्टेज कमी लागतं. बाजारातला डायोड पुढं आला, पण नाव त्यांचं लागलं. १९३६ मध्ये रॉयल सोसायटीचं ह्यूज पदक मिळालं. नोबेल मात्र नाही. युद्धात बर्लिन सोडून ते प्रेट्झफेल्ड या लहानशा गावी गेले आणि तिथंच ४ मार्च १९७६ ला वारले.

असो. त्यांच्या कामातून मला एक गोष्ट कळली: ठेंगणा बांध दोन्हीकडून ठेंगणा असतो! उलट गळतीही जास्त, आणि उष्णतेनं ती वाढते. आमच्या मे महिन्यात टिनाखाली ठेवलेल्या डब्यात तर विचारूच नका. म्हणून मी १० अँपिअरचा घेतला, हीटसिंक लावला आणि डबा सावलीत ठेवला. १०० व्होल्टचा न घेता ४५ व्होल्टचा घेतला, कारण रेटिंग वाढलं की ड्रॉपही वाढतो. १० मिलिओहमच्या मॉसफेटवर फक्त ०.०३ व्होल्ट पडतील, पण उलट करंट रोखायला त्याला वेगळं कंट्रोल सर्किट लागतं. ते पुढच्या सुट्टीत!

तेव्हा मित्रांनो, डेटाशीटमध्ये ड्रॉप पाहा, पण शेजारचा गळतीचा आकडाही वाचा. यंदाच्या मे महिन्यात रात्री लाईन गेली, तेव्हा मी दचकून उठलो. पंखा चालू होता. आजी झोपलेलीच होती.