पुणतांब्याचे अण्णा आणि रेडिओचा काटा

वेरूळला कॉलेजची ट्रिप निघाली आणि बसनं दौलताबादचा किल्ला मागे टाकला की मागच्या सीटवरून कुणीतरी 'ईना मीना डीका' सुरू करतंच. शब्दांना अर्थ नाही, तरी सगळ्यांना येतं. हे गाणं कुणाचं, असं विचारलं तर तुम्ही पटकन सांगाल, किशोरकुमारचं. बरोबर, त्यांनी ते गायलं, आशाताईंनीही गायलं. पण चाल कुणाची? चाल आपल्या शेजारच्या माणसाची. वैजापूरकडून गोदावरी ओलांडली की नगर जिल्ह्यातलं पुणतांबा लागतं. चांगदेवांची समाधी आहे ना, तेच. तिथं १२ जानेवारी १९१८ रोजी रामचंद्र नरहर चितळकर जन्मले. सिनेमाच्या पाटीवर सी. रामचंद्र, गायक म्हणून चितळकर आणि ओळखीच्यांसाठी अण्णा.

आता गंमत ऐका. हिंदी सिनेमात जॅझ आणि रॉक अँड रोलचा धुडगूस घालणारा हा माणूस शिकला कुठं? नागपूरला शंकरराव सप्रे यांच्याकडे आणि पुण्याला विनायकबुवा पटवर्धनांकडे. म्हणजे अस्सल शास्त्रीय तालीम. पण डोक्यात हिरो व्हायचं होतं. १९३५च्या 'नागानंद'मध्ये प्रमुख भूमिका मिळालीही, पण पिक्चर पडला. मग सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये छोटीमोठी कामं करता करता अण्णा हार्मोनियमवर बसले आणि तिथून संगीताकडे वळले ते कायमचे. १९४२मध्ये मास्टर भगवान यांच्या 'सुखी जीवन'ला त्यांनी संगीत दिलं. हे भगवान म्हणजे आपले भगवानदादा. त्यांच्या स्टेप्स आजही गणपतीच्या मिरवणुकीत दिसतात!

जॅझ ही अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वादकांची देणगी. १९३०च्या दशकात हे वादक मुंबईच्या ताज हॉटेलात येऊन वाजवू लागले. ते ऐकणाऱ्यांत गोव्याची पोरं होती. चर्चच्या शाळांत शिकल्यामुळे त्यांना पाश्चात्त्य नोटेशन वाचता-लिहिता यायचं. त्यातलाच एक हळदोण्याचा आंतोनियो शाव्हियर वाझ. ट्रम्पेट असा वाजवायचा की लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. त्याचं स्टेजवरचं नाव चिक चॉकलेट.

रात्री हॉटेलात, दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत, असं या वादकांचं आयुष्य. काम कसं चालायचं? संगीतकार हार्मोनियमवर चाल बांधायचा. गोव्याचा अरेंजर ती कागदावर उतरवायचा, व्हायोलिननं काय वाजवायचं, सॅक्सोफोन कुठं घुसायचा, ट्रम्पेट कुठं ओरडायचा हे लिहून काढायचा. अण्णांनी या मंडळींना नुसतं कामाला लावलं नाही, त्यांच्या डोक्यातलं संगीत आपल्या चालीत येऊ दिलं. १९५१चा 'अलबेला' आठवा. नसेल पाहिला तर 'शोला जो भडके' यूट्यूबवर लावा. बोंगो, क्लॅरिनेट, ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि त्यावर लताबाई आणि स्वतः चितळकर. या पिक्चरमध्ये चिक आणि त्याचा बँड चक्क पडद्यावरही दिसतो.

सगळंच काही अस्सल नव्हतं, हेही सांगायला हवं. १९५०च्या 'समाधी'मधलं 'गोरे गोरे' एका अमेरिकन गाण्यावरून उचललेलं होतं. पण उचलून तसंच ठेवणं वेगळं आणि आपल्या तोंडी बसवणं वेगळं. अण्णांना दुसरं जमायचं.

आणि इथं रेडिओ आडवा आला.

१९५२मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. तेही मराठीच, तेही शास्त्रीय संगीताचे जाणकार. त्यांना सिनेसंगीत उथळ वाटायचं, पाश्चात्त्यांच्या मागे धावणारं वाटायचं. स्वतंत्र देशाच्या रेडिओनं लोकांची अभिरुची घडवावी, असं त्यांचं म्हणणं. आकाशवाणीनं सिनेगीतांचा वेळ कापला. जाहिरात होते म्हणून गाण्याबरोबर पिक्चरचं नाव सांगणंही बंद केलं. निर्माते चिडले, त्यांनी गाण्यांचे हक्क काढून घेतले. झालं! सरकारी रेडिओवरून सिनेगीतं जवळजवळ गायब झाली.

मग तुमच्या आजी-आजोबांनी काय केलं असेल? राग-रागिण्या ऐकत बसले असतील? काही जण बसलेही. बाकीच्यांनी रेडिओचा काटा फिरवला आणि थेट सिलोन लावलं. ३ डिसेंबर १९५२ला रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. बुधवारी रात्री आठ वाजता अमीन सायानींचा आवाज आला की ज्या घरी रेडिओ असेल तिथं गल्ली जमायची. आपल्याच देशाची गाणी लोक समुद्रापलीकडून ऐकत होते. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ला आकाशवाणीनं 'विविध भारती' सुरू केली आणि सिनेगीतं घरी परतली. 'ईना मीना डीका' ज्यात आहे तो 'आशा'ही १९५७चाच.

हे फक्त आपल्याकडेच घडलं असं समजू नका. आयर्लंडही ब्रिटिशांपासून सुटलेला नवा देश. तिथं जानेवारी १९३४मध्ये लीट्रिम परगण्यातल्या मोहिल गावात जॅझच्या विरोधात मोर्चा निघाला, पुढाकार एका धर्मगुरूचा. जॅझनं आयरिश संस्कृती बुडेल, ही भीती. १९४३मध्ये तिथल्या सरकारी रेडिओवर जॅझ बंदही झालं. आयरिश पोरांनी काय केलं? काटा फिरवून बीबीसी आणि रेडिओ लक्झेंबर्ग लावलं. त्यांचं लक्झेंबर्ग, आपलं सिलोन!

केसकर खलनायक नव्हते. आकाशवाणीमुळे कितीतरी शास्त्रीय कलाकारांना रोजीरोटी आणि श्रोते मिळाले. त्यांची गल्लत एकाच ठिकाणी झाली. 'आपलं' म्हणजे ज्यात बाहेरचं काही नाही ते, असं त्यांनी धरलं. ट्रिपला कैलास लेण्यासमोर उभे राहाल तेव्हा हे तपासून बघा. अभ्यासकांना त्यात दूर कर्नाटकातल्या पट्टदकलच्या विरूपाक्ष मंदिराची छाया दिसते. म्हणून वेरूळ आपलं नाही, असं कुणी म्हणतं का? बाहेरून आलेलं इथल्या दगडात उतरलं की ते इथलंच होतं. अण्णांनी ट्रम्पेटचं तेच केलं. 'ईना मीना डीका'त तर कोकणी शब्दसुद्धा आहेत.

आणि ज्यांना अण्णा फक्त धांगडधिंगा वाटत होते, त्यांना उत्तरही अण्णांनीच दिलं. १९५३च्या 'अनारकली'त त्यांनी भीमपलासमध्ये बांधलेली चाल आजही क्लासमध्ये राग समजावताना गातात. २७ जानेवारी १९६३ला, चीन युद्धानंतर, दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर पंडित नेहरूंसमोर लताबाईंनी कवी प्रदीप यांचं 'ऐ मेरे वतन के लोगों' गायलं. १५ ऑगस्टला ज्या गाण्यानं तुमच्या कॉलेजचं अख्खं मैदान गप्प होतं, त्याची चालही सी. रामचंद्र यांचीच.

पुढे काम कमी होत गेलं. साठच्या दशकात नवे संगीतकार आले, अण्णा मागे पडले. १९७०च्या 'घरकुल' या मराठी चित्रपटातली त्यांची गाणी मात्र घराघरांत पोचली. १९७७मध्ये 'माझ्या जीवनाची सरगम' हे आत्मचरित्र आलं. ५ जानेवारी १९८२ला मुंबईत ते गेले. चिक चॉकलेट त्याआधीच, १९६७मध्ये गेला होता.

आज काटा फिरवावा लागत नाही, अ‍ॅप स्वतःच पुढचं गाणं लावतं. केसकर नकोत म्हणता म्हणता आपण निवड मशीनकडे दिली की काय, हे ज्यानं-त्यानं बघावं. या आठवड्यात निदान एक करा. आधी 'अनारकली'तलं एक गाणं ऐका, लगेच 'अलबेला'तलं एक लावा. डोळे मिटून ट्रम्पेट शोधा. मग मित्राला विचारा, ही दोन्ही गाणी एकाच माणसाची आहेत, असं सांगितलं तर त्याला पटतंय का.